सिद्दाप्पा मिस्त्रींचा ताणकाटा

आज सोलापुरात माझ्या पोटात दोन घास जातात, ते सिद्दाप्पा मिस्त्रींमुळे. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

शाळा चौथीतच सुटली आणि मी कोकणातून इथं एका शेठच्या लॉऱ्यांच्या कारखान्यात लागलो. पहिल्याच दिवशी काय पाहिलं, तर एक धिप्पाड माणूस लॉरी कडुलिंबाला बांधत होता! मागे दोर, दोराला कापसाच्या गाठी जोखायचा ताणकाटा, टाकीत बाटलीभरच पेट्रोल. तेच सिद्दाप्पा मिस्त्री.

"बघतोस काय, तम्मा? ओढ किती, ते काटा सांगतो. पर किती पिऊन ओढलं, ते कोन सांगनार? तुजा बा?"

ही मोजायची खोड पहिल्या महायुद्धातली. मिस्त्री मूळचे इथल्याच वळसंग गावचे, पण लढाईत इराकात बसऱ्याला विमानांच्या इंजिनांवर होते. तिथं इंजिनांच्या दोन जाती. एक इंजिन अंगासकट गरगर फिरायचं. हलकं, पण पेट्रोल ढोसायचं, वर वंगणाला एरंडेलही. दुसऱ्याची नळकांडी चांदणीसारखी गोल मांडलेली, पण जागची हलत नसत. आतला दांडा तेवढा फिरे. ते जड, पण ओढ मोठी आणि त्या मानानं तहान कमी.

"मग चांगलं कुठलं, अण्णा?" मी मिस्त्रींना विचारलं.

"काम काय हाय, ते सांग आदी. घटकाभर हिंडून यायचं तर हलकंच बरं की! जड न्हेऊन काय करतोस?"

मग मंदी आली. लॉऱ्या उभ्या राहिल्या. शेठ म्हणाले, "मिस्त्री, आता एकच माणूस परवडेल. पोराला उद्या जायला सांगतो."

मी तिथंच होतो. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरीवर.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "शेठ, काम उरलं दोन लॉऱ्यांचं. त्याला माज्यासारकं जड इंजिन कशाला? हलकं ठेवा."

"चेष्टा करता काय?"

"चेष्टा न्हाय की."

फाटकापर्यंत मी मागे धावलो. "अण्णा, तुम्ही खाणार काय?"

"वळसंगला भावाचं रान हाय. तुजं हितं कोन हाय?"

त्या भावानं त्यांना कधीच घराबाहेर काढलं होतं. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

परवा वळसंगचा गाडीवान भेटला. अण्णा लोकांच्या रानात मोट हाकतात म्हणाला. धाप लागते म्हणे, मधेच बसतात.

माझी नोकरी तरी किती दिवसांची, देव जाणे. पण दोन पत्र्यांचं का होईना, स्वतःचं छप्पर मी घालणार, आणि अण्णांना तिथं आणणार. काम नकोच, नुसतं खुर्चीत बसून मला शिव्या द्याव्यात. त्यांनी तेवढं थांबावं. आणणार म्हणजे आणणार.