खंडेनवमीचा चार्जर

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, मधु गुप्तेच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसे. कारखान्याला टाळं लागल्यापासून तो तिथेच बसलेला असायचा. थोरल्या भावाचं, बाळचं, ठाण्यात हत्यारं दुरुस्त करायचं दुकान. तिथले मेलेले कॉर्डलेस ड्रिल मधु पिशवीतून घरी आणायचा, त्यांच्या मोटरी, गिअर, बॅटऱ्या काढायचा आणि एकमेकांशी झुंजणारी छोटी यंत्रं बनवायचा. सगळ्यांत लाडकं एक कासवाएवढं, पुढे फिरतं पातं असलेलं. त्याचं नाव झोटिंग. घर मंदाकिनीच्या, त्याच्या बायकोच्या, पगारावर चाले, पण माणूस खुशीत होता. मी समोरच्या दारात राहायचो आणि खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटे.

बाळला मात्र फुकटचा कारागीर हवा होता. अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला ठाण्यातल्या एका हॉलमध्ये अशा यंत्रांची झुंज ठरली. बाळनेही एक यंत्र आणलेलं. त्याने चारचौघांत पैज लावली, "हरलास तर ते भंगार काढायचं आणि माझ्या दुकानात बसायचं, कायमचं." मधु हो म्हणाला. मूर्ख माणूस.

अष्टमीला चाचण्या घेताना झोटिंगच्या बॅटऱ्या पार उतरल्या. जुने सेल, रात्रभर चार्जरला लावल्याशिवाय भरत नसत. नवमीला बाळ पेढे घेऊन हजर. पाटावर पक्कड, पाने आणि झोटिंग मांडले. बाळने स्वतः हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मधुने चार्जरची वायर उचलली तसा बाळ ओरडला.

"अरे, खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला हात? बाबांनी कधी लावलेला? उद्या सकाळी पूजा उतरली की लाव."

"अहो, लावा हो. देव नाही रागवायचा," मंदाकिनी म्हणाली.

"बाबांची रीत आहे," मधु म्हणाला आणि वायर गुंडाळून ठेवली. सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात ते उगाच नाही.

दसऱ्याला झोटिंग रिंगणाच्या मध्यापर्यंत गेलं आणि थांबलं. बाळच्या यंत्राने ते उलथं केलं आणि पात्याने त्याची मोटर चावून काढली. लोक टाळ्या पिटत होते. मधु रिमोटचं बटण दाबतच होता.

"चार्ज नव्हतं केलंस?" बाळने विचारलं.

"काल खंडेनवमी होती ना, दादा."

"मी रात्रभर लावलेलं," बाळ म्हणाला आणि हसला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला गॅलरी रिकामी करून गेला.

पुढच्या खंडेनवमीला मी ठाण्याला गेलेलो, सहज दुकानात डोकावलो. हत्यारांना हार घातलेले. मधु पाटासमोर हात जोडून बसलेला.

"मध्या, उठ," बाळ गल्ल्यावरून म्हणाला. "माझं मशीन चार्जरला लाव. उद्या झुंज आहे."

मधु उठला. त्याने बॅटरीवरचं हळदकुंकू शर्टाच्या टोकाने पुसलं, वायर जोडली, बटण दाबलं. मग मी दिसलो तसा जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आमच्या हिला सांगू नका."