ब्रेककाका आणि दिव्यांचा डबा

ब्रेककाकांचा संशय डोक्यात नाही, पायात आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, माहितीये ना? शिकाऊ माणूस घाबरून भलतंच करायला लागला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. काकांचा उजवा पाय आयुष्यभर त्या दुसऱ्या ब्रेकवर राहिला. समोरून म्हातारी येतेय? मध्येच थांबणार. कुत्रं झोपलंय? उठणार. सिग्नल हिरवा आहे? झालाच लाल! आणि शेजारी बसलेला शिकाऊ? तो तर घोळ घालायलाच जन्माला आलाय! निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलं आणि एकालाही साधं खरचटलं नाही, हे शंभर टक्के खरं. पण त्यातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की काकांशेजारी गाडी चालवायची म्हणजे आपण पळतोय आणि मागून कुणीतरी शर्ट धरून ठेवलाय.

घरीही तेच. काकू कांदा चिरायला बसल्या की काका पेपरमागून ओरडणार, "बोट, बोट!" काकू म्हणतात, "अहो, इतकी वर्षं माझीच बोटं आहेत ती, मोजून घ्या हवं तर."

मग एक दिवस काका बाथरूमच्या दारातच कोसळले. फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, आता गाडी चालवायची नाही, शिकवायलाही बसायचं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी शाल-बिल नाही, भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याचं काम काढून घेतलं त्याला घड्याळ! म्हणजे काय, बघत बसा किती वाजले? काका खरंच बघत बसायचे. खुर्चीत बसून उजवा पाय फरशीवर दाबत राहायचे, आणि काकू स्वयंपाकघरातून ते बघून काहीच बोलायच्या नाहीत, जे काकूंच्या बाबतीत फार म्हणजे फार गंभीर असतं.

आणि अशात मुलीनं विषय काढला.

मुलगी एका लॅबमध्ये रक्त तपासते, एकुलती एक, वडिलांसारखीच हट्टी. जेवताना म्हणाली, "बाबा, आपण एक गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊ या."

काकांचा घास हातातच राहिला. "कुणाला खेळायचंय?"

"तुम्हाला. म्हणजे खेळायचं नाही, शिकवायचं. त्याला स्टिअरिंग जोडता येतं, पेडल येतात, गियर येतो. पडद्यावर रस्ता दिसतो. नवीन लोकांना आधी आपल्या बाहेरच्या खोलीत शिकवा, क्लच-गियर अंगवळणी पडलं की मग ते रस्त्यावर जातील. तुमचे मालक माणसं पाठवायला तयार आहेत. मी बोललेय त्यांच्याशी."

बाकी सगळं राहिलं बाजूला, काका त्या शेवटच्या वाक्यावर अडकले. मी बोललेय. माझ्या पाठीमागे! कुठेतरी पाणी मुरतंय. म्हाताऱ्याच्या हातात खेळणं द्यायचं, कोपऱ्यात बसवायचं, आणि वर म्हणायचं शिकवताय तुम्ही. रात्री ते काकूंना म्हणाले, "जिला स्वतःला गाडी येत नाही ती मला शिकवणार, गाडी कशी शिकवायची!"

काकू म्हणाल्या, "तिला का येत नाही ते बोलू का मी?"

काका भिंतीकडे तोंड करून झोपले. कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुलगी कॉलेजात असताना त्यांच्याकडे शिकायला बसली होती. तिनं गाडी हलवली की ह्यांचा पाय. वळवली की पाय. काही नाही केलं तरी पाय. शेवटी भर चौकात ती दार उघडून उतरली, म्हणाली, "तुम्हीच चालवा," आणि चालत घरी आली. त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. निम्म्या गावाला शिकवणारा माणूस, आणि स्वतःची पोरगी बसनं जाते! लोक हसत हसत बोलून जायचे, काकाही हसायचे. हसायचे म्हणजे, दात दाखवायचे.

तरी काकांनी नाही म्हटलं नाही. चौकशी सुरू केली. पुतण्या म्हणाला, "सुटे भाग आणून आपण जोडू." काकांनी मनात म्हटलं, तू सायकलची चेन बसवताना दोन स्क्रू उरवले होतेस. शेजारी म्हणाले, लॅपटॉप घ्या. त्यांचा मेहुणा लॅपटॉप विकतो. मग एक जुना विद्यार्थी भेटला, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "काका, तयार बांधलेला घेताय तर डोळे उघडे ठेवा. ह्या मधल्या किमतीच्यात गेम चालवणारं ग्राफिक्स कार्ड चांगलं टाकतात, कारण गिऱ्हाईक तेवढंच विचारतं. बाकी सगळीकडे हात आखडता. पंखे हलके, वीज पुरवणारा डबा कुठल्या कंपनीचा ते देवाला माहीत."

हे ऐकून काकांचा चेहरा असा खुलला! किती दिवसांनी! ही तर जुन्या गाड्यांची दलाली झाली! नवीन सीट कव्हर दिसलं की समजायचं आतला स्पंज गेलाय. गाडीत अत्तराचा वास आला की समजायचं काहीतरी जळतं. हे त्यांना पाठ होतं.

शनिवारी दोघं निघाले. काकांनी दुकान उघडायच्या आधीच पोचायचा आग्रह धरला.

"एवढ्या लवकर कशाला?" मुलगी जांभई देत म्हणाली.

"विकणारा आपण यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो. गार इंजिन चालू होताना खोकतं ना, ते कळू नये म्हणून. गाडी नेहमी थंड असताना बघायची."

शटर वर गेलं. आत टेबलावर काळा डबा, एका बाजूला काच, आणि चालू केल्याबरोबर आत लाल, निळे, जांभळे दिवे. समोर स्टिअरिंग जोडलेलंच होतं. काकांनी चालू व्हायच्या आधीच डब्यावर तळहात ठेवला होता. थंडगार. चालू झाला, आवाज नाही, काही नाही. मांजर बसावं तसा.

"नाव सोनूबाई," काका पुटपुटले. "दिवे कशाला एवढे?"

"लूक आहे काका," दुकानदार म्हणाला. केस मागे बांधलेला, हसरा. इतका हसरा माणूस काकांना मुळातच पटत नाही.

"उघडून दाखवा."

"सील तुटलं की वॉरंटी जाते. काचेतून बघा ना."

"बॉनेट उघडल्यावर जाणारी वॉरंटी? म्हणजे नवरी बघायची, पण घुंघट वर करायचा नाही."

दुकानदारानं स्वतः गाडी चालवून दाखवली. झूम झूम झूम, दोन वळणं, आणि लगेच बंद. "बघितलंत? लोण्यासारखं. पॅक करू?"

खरं सांगायचं तर काका नरमले होते. थंड असताना सुरू झालं, खोकलं नाही, त्यांच्या परीक्षेत पास! तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मी चालवून बघते." आणि जाऊन बसलीच. काकांसाठी शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. बसणं भाग होतं.

पडद्यावरची गाडी हलली. समोर वळण. धप्! काकांचा बूट फरशीवर. पुढे ट्रक. धप्! दुकानदारानं वाकून टेबलाखाली पाहिलं, काय पडलं म्हणून.

मुलीनं स्टिअरिंगवरचे हात काढले. "बाबा. इथे ब्रेकसुद्धा नाहीये हो तुमचा!" आवाज बारीक झाला होता तिचा. "मला वाटलं इथे तरी... जाऊ दे. चला घरी." ती उठायला लागली, अगदी त्या चौकातल्यासारखी.

आणि तेव्हा काकांना लख्ख कळलं. खेळणं नव्हतं हे, डावही नव्हता. हिलाच शिकायचं होतं. पहिली शिकाऊ हीच होती, आणि ती आत्ता दार उघडून उतरत होती, दुसऱ्यांदा.

काकांना हे बोलता येत असतं तर एवढी वर्षं गेलीच नसती. ते वाकले, बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले, आणि त्या एवढ्याशा खुर्चीवर, दुकानदारासमोर, चक्क मांडी घालून बसले. दोन्ही पाय मांड्यांखाली गच्च दाबून.

"चालव," म्हणाले.

मुलगी बघतच राहिली. मग बसली. क्लच अर्धा सोडला, गाडी बंद पडली, परत सुरू केली. ट्रक आला, काकांनी गुडघा घट्ट धरला. ट्रक गेला. ती फूटपाथवर चढली. काका कसनुसे होऊन म्हणाले, "असू दे. आरसा बघ." ती शहरातून बाहेर पडली, पुलावर गेली, हसायला लागली. दुकानदार सारखा घड्याळ बघत होता. "झालं ना काका? बास ना?"

"का? तुम्हाला घाई आहे?" संशय परत जागा झाला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मग ह्याला घाई कसली?

तेवढ्यात डबा घरघरला. आधी हळू, मग चढावर भरलेला ट्रक रडतो तसा. पडद्यावरचा पूल अडखळत अडखळत पुढे सरकू लागला. काकांनी काचेवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"एसी बंद आहे ना म्हणून," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडे एसी नाहीच्चे," मुलगी म्हणाली.

काका स्वतःवरच हसले. "मी मूर्ख थंड असताना बघत होतो. हे तर उलटं जनावर निघालं! तापल्यावर रडणारं!" मग दुकानदाराकडे वळून, "आणि तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून दोन वळणांत बंद केलंत." हसरा माणूस पहिल्यांदा हसायचा थांबला. "हा नको. तो कोपऱ्यातला काढा, बिनदिव्याचा, जाळीवाला. हवा खेळते त्यात. तेच कार्ड आहे ना? लावा. ही चालवेल. तापेपर्यंत चालवेल. नाही रडला तर बोलू."

"तासभर लागेल काका."

"लागू दे. आम्ही बसलोय."

दुकानदार नाइलाजानं वायरी सोडवायला लागला. मुलगी म्हणाली, "तोवर खाली उतरा की. पाय मोकळे करा."

काका तसेच बसून होते. जरा ओशाळून म्हणाले, "उतरता येत नाहीये. मुंग्या आल्यात."

"कुठल्या पायाला?"

"उजव्या," काका म्हणाले, आणि उतरायला तिच्याकडे हात केला.