तिसरा तुकडा

आमच्या वन कार्यालयात तिला सगळे माशीकाकू म्हणत. वणव्याला खाद्य उरू नये म्हणून आमचं खातं उन्हाळ्याआधी जंगलाचे ठरावीक तुकडे स्वतःच जाळतं. नंतर तिथे मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं किती परततात, हे मोजणं तिचं काम. पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वाट्यांत साबणाचं पाणी भरून ती जमिनीवर ठेवायची. फूल समजून आलेले कीटक दुसऱ्या दिवशी गाळून, चिठ्ठी लावून डबीत. "फ्रीजमध्ये लिंबू शोधावं तर हाताला भुंगा लागतो," ही तिच्या नवऱ्याची कायमची तक्रार.

तिचे तीन तुकडे होते. एक जाळलेला, एकातली फक्त झुडपं काढलेली आणि तिसऱ्याला कुणी हातही लावलेला नाही. त्या तिसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकी दोन्हींच्या आकड्यांना अर्थ नव्हता. चार वर्षं तिने असं मोजलं. हे पाचवं आणि शेवटचं. त्यानंतर ती निवृत्त होणार होती.

मी इथला मुख्य लिपिक. जाळायच्या तुकड्यांची यादी मी करतो. तिच्या तक्त्यात तिसऱ्या तुकड्यापुढचा 'केलेले काम' हा रकाना कोरा होता. कोरा रकाना मला बघवत नाही. कॉमर्सला असल्यापासूनची खोड. मी तिथे 'प्रलंबित' लिहिलं आणि तुकडा यादीत घेतला. माणसांनी यादीप्रमाणे तोही जाळला.

वितळलेली निळी वाटी घेऊन ती थेट माझ्या टेबलाशी आली.

"भाऊसाहेब, हे कुणी लिहिलं?"

"मीच. रकाना कोरा होता, म्हटलं..."

"कोराच हवा होता हो! काही न करणं, हेच तिथलं काम होतं!"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "त्यात काय एवढं? दुसरा तुकडा घ्या. जंगलाला काय तोटा आहे?"

"जंगल आहे, साहेब. चार वर्षं कुठून आणू?"

साहेब घड्याळ बघत आत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने तिन्ही तुकड्यांत वाट्या मांडल्या. संध्याकाळी तक्ता माझ्यापुढे टाकला. "लिहा. तिसरा, जाळला. पुढे कारण."

मी लिहिलं, 'कार्यालयीन चूक'.

"कार्यालयाला हात असतात का, भाऊसाहेब?"

ती हलेना. शेवटी मी ते खोडलं आणि 'मुख्य लिपिकाची चूक' असं लिहून खाली सही केली. तिने तक्ता उचलला, सही नीट वाचली आणि वाट्या धुवायला निघून गेली.