वेसाव्याहून मढ: जाताना भरती, येताना ओहोटी

मुलुंडच्या वहिनी, खोकला हटला का? काढा घ्या म्हटलं होतं, घेतला नसणार. बोरिवलीचे नाना, साखर तपासलीत की रिपोर्टाच्या धास्तीने पुन्हा पुढच्या आठवड्यावर ढकललंत? अंधेरीच्या सुषमाताई, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा हे तुम्हीच वाचा, सुनेला वाचायला बसवू नका. इथे पहिल्यांदा आलेल्यांचीही तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. माझं बरं आहे. आमच्या हिचे दोन्ही गुडघे मागच्या वर्षी बदलले. आजची हकिगत त्या गुडघ्यांचीच आहे. पण सहल म्हणूनही वाचायला हरकत नाही, कारण घाटकोपरहून सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी येता येतं.

हिचं माहेर रत्नागिरीकडे, खाडीपलीकडच्या गावात. रिक्षा खाडीपर्यंत जाते, पुढे तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. ती दारात आली की माहेरवाशिणीने तिची ओटी भरायची. तीन वर्षांपूर्वी ऐन धक्क्याशी हिचे गुडघे अडले आणि तरीवरच्या दोघा गड्यांनी हिला तांदळाच्या पोत्यासारखं उचलून वर ठेवलं. वर हिची वहिनी उभी होती, ती हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. तेव्हापासून ही गेलेली नाही. गुडघे नवे झाले, जिना चढते-उतरते, पण शिमग्याचा विषय निघाला की म्हणते, "ओटी पोस्टाने पाठवा."

म्हणून मी ठरवलं की आधी घराजवळच्या होडीत चढवून बघावं. इथे जमलं तर तिकिटं काढायची, नाहीतर शिमगा विसरायचा. हिला मात्र एवढंच म्हटलं, "मढला जाऊ, ताजे बांगडे खाऊ." ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड.

वार ठरवायला वेळ लागला. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे मासे नाहीत आणि रविवारी तिकडे मुंगीलाही वाट मिळत नाही. उरलेल्यांत माघातल्या त्रयोदशीचा बुधवार मिळाला. त्रयोदशी का, तर भरतीसाठी. मी सातवीत शाळा सोडली, पण पाऊणकी पाठ आहे. तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे वडिलांनी शिकवलेलं. तेरा पाऊण पावणेदहा. थोडं पुढेमागे होतं, पण दहाच्या सुमारास पाणी भरलेलं असणार आणि होडी धक्क्याच्या बरोबरीला येणार. पाऊल उचलायचं आणि आत ठेवायचं, एवढंच काम.

आठला निघालो. घाटकोपरला मेट्रो धरली, माणशी चाळीसेक रुपयांत थेट वर्सोवा, म्हणजे आपलं वेसावे. सरकते जिने आणि लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांनी घाबरू नये. साकीनाक्यावरून जाताना माझा जुना कारखाना वरून दिसतो. तीस वर्षं मी त्या पत्र्याखाली लेथवर उभा होतो, पण पत्र्याचा रंग हिरवा आहे हे मेट्रोत बसल्यावर कळलं. हिला दाखवला तर म्हणाली, "एवढासाच होता होय? तुम्ही तर घरी येऊन टाटाचा असल्यासारखे बोलायचात."

वर्सोव्याला उतरून रिक्षाने धक्क्यावर. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना सुकत घातलेले बोंबील. नाकाला सवय नसेल तर रुमाल न्या, मात्र नाक मुरडू नका, ते लोकांचं अंगण आहे. होडीचं तिकीट दहा-वीस रुपयांच्या आत. मोटारसायकलीही त्याच होडीतून जातात, त्यांना आधी चढू द्यावं.

हिशेब चोख निघाला. पाणी काठोकाठ, होडीची कड आणि धक्का एका रेषेत. हिने माझा हात धरला, पाऊल उचललं आणि आत ठेवलं. मी मनात तिकिटं काढूनसुद्धा टाकली. पाचेक मिनिटांत पलीकडे.

मढला सावकाश फिरलो. देवीच्या देवळात टेकलो, मग रिक्षाने एरंगळच्या किनाऱ्यावर गेलो. बुधवार असल्याने किनाऱ्यावर आम्ही, दोन कुत्री आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं. फोटोवाला मुलीला सांगत होता, "मॅडम, समुद्राकडे बघून नॅचरल हसा ना." ही म्हणाली, "समुद्राकडे बघून हसणारी माणसं ठाण्याच्या इस्पितळात असतात." दुपारी कोळीवाड्यातल्या एका घरगुती खानावळीत तळलेले बांगडे, तांदळाची भाकरी आणि प्यायला कोकमाचं तिवळ. आधी सांगून ठेवलं तर गरम मिळतं. दोघांचं पाचशेच्या आत भागलं. ही दीड भाकरी जेवली. ऑपरेशननंतर एवढी जेवलेली मी पाहिली नव्हती.

चारच्या सुमाराला परत धक्क्यावर आलो आणि मी जागच्या जागी थांबलो.

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण फार खाली. सकाळी जिथे होडी लागली होती तिथून सात-आठ पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, खालच्या तिन्हींवर हिरवं शेवाळ, आणि त्याखाली होडी हलत होती. भरती दहाला, तर ओहोटी चारला. हे शेंबडं पोरही सांगेल. मी जाण्याचा हिशेब केला आणि येण्याचा केलाच नाही. कोकणातल्या माणसाने हे करावं? वडील असते तर बोलले नसते, नुसते बघत राहिले असते.

"आपण बसने जाऊ," मी म्हणालो. "मालाडला उतरता येतं. दोन तास लागतील, पण बसून."

"आणि गावाला कुठली बस आहे खाडीवरून?" ही म्हणाली.

मी उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजू लागलो.

"सकाळी दाढी करताना तेराची पाऊणकी म्हणत होतात. मला ऐकू येतं. गुडघे बदललेत, कान तेच आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"बांगडे हुकले असते."

ती पायऱ्यांशी गेली. चार पायऱ्या कठड्याला धरून उतरली. शेवाळापाशी थांबली. खाली होडीतला माणूस हात पुढे करून, "या आजी, उचलून घेतो," म्हणाला. हिचा चेहरा तीन वर्षांपूर्वीसारखा झाला. मागे लोक ताटकळले होते. हॉर्न वाजवायची सवय असलेला एक जण इथे हॉर्न नाही म्हणून खोकत होता.

मागून रिकामी टोपली घेतलेली एक कोळीण आली. वयाने हिच्याएवढीच. क्षणभर पाहून म्हणाली, "उबी राहून काय करतंस बाय? बस खाली. बसून सरक."

"लुगडं खराब होईल गं."

"लुगडं धुता येतं. आमी पन अश्याच उतरतो, आमाला कोन उचलतंय?" मग माझ्याकडे वळून, "तुमी बाजूला व्हा शेट, मधी नका येऊ."

मी बाजूला झालो. ही पायरीवर बसली. एक पायरी सरकली, मग दुसरी, मग तिसरी. लाटेसरशी होडी वर आली तसे तिने दोन्ही पाय कडेवरून आत टाकले आणि फळीवर जाऊन बसली. उचलायला पुढे केलेला हात तिने घेतला नाही. पाठीमागे हिरवा डाग पडला होता. कोळीण आत येऊन शेजारी बसली आणि दोघी बांगड्याचा भाव बोलू लागल्या. वर्सोव्याला चढताना काही अवघड नव्हतं. चढणं सोपं असतं, असं आता ही म्हणते.

सहाला घरी. चहा झाला, लुगडं भिजत पडलं. मी पेपर उघडला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, होळीनंतर चौथ्या दिवशी पालखी माहेरच्या दारात. तेव्हा पाणी कसं?"

"चतुर्थी. चोक पाऊण तीन. दुपारी तीनला भरती." आणि चूक पुन्हा होऊ नये म्हणून पुढचंही सांगितलं, "म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. आपण आदल्या दिवशी दुपारीच जाऊ, भरलेल्या पाण्यात, सावकाश."

"नको," ती म्हणाली. "त्याच दिवशी नऊच्या तरीने जाऊ. वहिनी धक्क्यावर येते घ्यायला. तिला बघू दे."

तिकिटं काढली आहेत. सहल तुम्हालाही परवडेल आणि जमेल. फक्त निघताना येण्याची वेळही पाऊणकीत घाला, आणि सोबत जुनं लुगडं असू द्या. आता एक काम तुमच्याकडे. रत्नागिरीकडच्या खाड्यांतून ये-जा करणारं तुमच्यापैकी कुणी असेल, तर तिकडच्या धक्क्यांना हल्ली खालपर्यंत पायऱ्या आहेत की नुसता उतार, हे मला लवकर लिहून कळवा. शिमगा तोंडावर आलाय. ही रोज संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून सरकण्याचा सराव करते, आणि शेजारी विचारतात तेव्हा मी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणून वेळ मारून नेतो. आणि नाना, तुमच्या साखरेचंही त्याच पत्रात लिहा.