ओढ्यापासून कोणतं गाव जवळ

याकोब त्रिभुवनने उभी हयात गवंडीकाम केलं. देवळाली कॅम्पात भिंती चढवल्या, ओझरला कामगारांची घरं बांधली, चांदवडकडे कांद्याच्या चाळींचे चौथरे घातले. गुडघे बोलायला लागले तेव्हा तो वडाळखेड्याला, आपल्या गावी परतला. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पहाटे उठून तो शास्त्र वाचायचा, तेही गवंड्यासारखं. वीट ठोकून पाहावी तसं एकेक वाक्य ठोकायचा. पोकळ वाजतं का बघायचा.

बायबलातला मोशेचा कायदा आजच्या कारभारालाही लागू पडतो, हे त्याचं ठाम मत. एका ग्रामसभेत तो उठून म्हणाला होता, "गच्चीला कठडा नसला आन् माणूस पडला, तर त्याचं रक्त घरवाल्याच्या माथी. शास्त्रात हाय."

"बाबा, राज्य घटनेचं हाय, मोशेचं नाय," कोणी तरी ओरडलं.

"घटनेचंच राहू द्या. पण कठडा बांधाल का नाय?"

लोक हसले. कठडे मात्र बऱ्याच घरांना झाले. याकोबने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. काम झालं की गवंडी पुढच्या भिंतीकडे बघतो.

मे महिन्यात हायवेच्या पुलाखाली, कोरड्या ओढ्यात, एक माणूस मेलेला सापडला. अनोळखी. कुठल्या तरी गाडीने उडवलेला. गाडी पसार. डॉक्टरांचं म्हणणं, तो लगेच गेला नव्हता. पाण्याच्या आशेने उतार सरपटत उतरला असावा. पोलिसांनी फोटो सगळीकडे पाठवले, वाट पाहिली, कोणी आलं नाही. आता मूठमाती द्यायची होती आणि ओढा म्हणजे दोन गावांची शीव. हवालदाराने दोन्ही पंचायतींना ओढ्यावर बोलावलं आणि म्हणाला, "तुम्हीच ठरवा, जागा कोण देतं."

वडाळखेड्याची सरपंच लंकाबाई म्हणाली, "पल्याडच्या काठाला पडला होता."

पल्याडच्या निंबाळ्याचा सरपंच निवृत्तीआप्पा म्हणाला, "डोकं तुमच्याकडं होतं, ताई."

"मग काय पाय तुम्ही पुरता आन् डोकं आम्ही?"

कोणी तरी हसलं. नाशिकच्या शवागारात तो माणूस वाट बघत पडला होता. याकोबला ते सहन होईना. तो पुढे झाला.

"याच्यावर कायदा हाय. रानात मेलेला माणूस सापडला आन् मारणारा ठाऊक नसला, तर आसपासच्या गावांच्या पुढाऱ्यांनी जातीनं यायचं. मढ्यापासून गावापर्यंत मोजायचं. जे गाव जवळ, त्याची जबाबदारी. मग त्या गावच्या पुढाऱ्यांनी वाहत्या पाण्यापाशी कालवड मारायची, हात धुवायचे आन् सांगायचं..."

"कालवड?" कुंदनने मध्येच टोकलं. कुंदन वडाळखेड्याच्याच पंचायतीचा मेंबर, पिकअप चालवायचा. "कालवड मारली तर बाबा, हवालदारसाहेब तुम्हालाच घेऊन जातील!"

हवालदारही हसला.

"कालवड राहू दे," याकोब शांतपणे म्हणाला. "ती त्या काळची. मोजणी आजची. टेप आणा."

"मोबाइलवर दिसतंय की अंतर. हे बघा." कुंदनने फोन पुढे केला.

"मोबाइल गेला होता का ओढ्यात उतरून? शास्त्र म्हणतं, पुढाऱ्यांनी जायचं."

निवृत्तीला हे पटलं, की उन्हाला कंटाळून पटवून घेतलं, कोण जाणे. त्याने टेपचं एक टोक धरलं, लंकाबाईने दुसरं. ओढ्यापासून निंबाळ्याच्या पहिल्या उंबऱ्यापर्यंत, मग परत, मग वडाळखेड्याच्या पहिल्या उंबऱ्यापर्यंत. ढेकळांतून, बांधांवरून. टेप सैल दिसला की याकोब थांबवायचा. "ताण द्या, आप्पा. सैल टेप म्हंजे खोटी साक्ष." दोन सरपंच दर खुणेला वाकत होते. लंकाबाईचा पदर घामाने भिजला. निवृत्तीच्या पांढऱ्या कपड्यांना माती लागली. हळूहळू मागून चालणाऱ्यांची बडबड थांबली. माणसं मोजायला निघाली होती. बघता बघता ती प्रेतयात्रेसारखी चालू लागली. शास्त्रातला हा उतारा याकोबने कितीदा वाचला होता, पण तो चालताना कधी पाहिला नव्हता.

वडाळखेडं जवळ निघालं.

"घ्या! बाबा आपल्याच गावचे, आन् मढं आपल्याच गळ्यात बांधलं," लंकाबाई पुटपुटली. पण टेप तिने स्वतःच गुंडाळला. "पुढं काय ते सांगा, बाबा."

पाण्याची घागर आणली. ओढ्यात, जिथे तो पडला होता तिथे, मेंबर उभे राहिले. याकोबने शब्द सांगितले. लंकाबाई स्पष्ट म्हणाली, "आमच्या हातांनी याचं रक्त सांडलं नाय. आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाय." तिने हात धुतले. तिच्यामागून दुसऱ्या मेंबराने धुतले. मग कुंदन आला.

"आमच्या हातांनी याचं रक्त सांडलं नाय," तो भरभर म्हणाला. "आमच्या डोळ्यांनी..."

तो थांबला. घागर तिरकी धरलेली, पाणी वाळूत पडत राहिलं.

"म्हण की," मागून कोणी तरी म्हणालं.

"नाय म्हणता येत." कुंदन पुलाकडे बघू लागला. "त्या दिवशी मी बाजारात कांदा टाकून येत होतो. दिवस मावळत होता. पुलाच्या कडेला पडला होता हा. हात हलवला त्यानं. मला वाटलं, पिऊन पडलाय. मी गाडी नाय थांबवली."

लंकाबाईचे ओले हात तसेच हवेत राहिले. हवालदाराने टोपी काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

हात धुवायचे ते निर्दोष सुटायला, असं याकोबला इतकी वर्षं वाटत होतं. या मढ्याला जागा मिळावी, एवढ्यासाठीच त्याने तो नियम काढला होता. पण नियम त्याहून किती खोल होता! कुठल्याच चौकशीने जे विचारलं नव्हतं ते त्या दोन वाक्यांनी विचारलं. हात सगळ्यांचे स्वच्छ असतात. डोळ्यांचं कोण विचारतं? हजारो वर्षांपूर्वी, कुठल्या परक्या वाळवंटात, कोणाला ठाऊक होतं की वडाळखेड्याचा एक पोरगा गाडी न थांबवता पुढे जाईल?

"यानं काय मारलेलं नाय," निवृत्ती हळूच म्हणाला.

"मारलेलं नाय, आप्पा," लंकाबाई म्हणाली. "पण धुऊन टाकण्यासारखंबी नाय." ती कुंदनकडे वळली. "साहेबांकडं जबाब दे. आन् उद्या स्मशानात सगळ्यांच्या आधी तू ये."

दुसऱ्या दिवशी गाडी नाशिकहून मढं घेऊन आली, तेव्हा स्मशानाच्या कडेला कुंदन कधीचा खणत होता. निंबाळ्याची माणसंही आली होती, न बोलावता. निवृत्तीने फावडं मागितलं. कुंदनने दिलं नाही.

याकोब खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. जमीन मुरमाड होती, पहार ठणकन उडत होती. कुंदनच्या तळहातांना फोड आले होते.

"पुरे का, बाबा?"

याकोबने आत वाकून पाहिलं. "नाय. अजून खोल. आन् ती कड सरळ कर."

कुंदनने पहार पुन्हा उचलली.