रबरी पँटचं भोक

आमच्या गावतळ्यात माझे यजमान मासेमारी करतात. थंडीत पाय बधिर व्हायचे म्हणून त्यांनी छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेली रबरी पँट घेतली. दुसऱ्याच हिवाळ्यात तिच्या डाव्या बुटात पाणी साचू लागलं. बुटाला तीनदा ठिगळ लावलं, तरी मोजा ओलाच.

"आता फेकूनच देतो," ते वैतागून म्हणाले.

"आधी मला बघू द्या."

भर दुपारी मी धान्याच्या खोलीचं दार-खिडकी लावून घेतली. पेटती बॅटरी पँटच्या आत सरकवून बाहेरून एकेक शिवण न्याहाळली. बूट चांगलाच होता. मांडीजवळच्या शिवणीतून मात्र मोहरीएवढा उजेड आला. पाणी तिथून शिरून खाली बुटात उतरत होतं.

मी त्यांना हाक मारून दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"मी काहून खालीच शोधून राहिलो होतो?"

पँट वाळवून मी ती जागा काचपेपरनं घासली, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला आणि दिवसभर वर पाटा ठेवला.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम तळ्यावर गेले. दोन तासांनी ते बाहेर आले आणि पँट उतरवून त्यांनी मोजा पिळला. एक थेंबही पडला नाही. सोबतच्या माणसानं विचारलं, "कोण्या दुकानात केलं?"

"दुकानात नाही. हिनं केलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

आता शेजारच्या गावांतूनही अशा पँटा माझ्याकडे येतात.