माघात मुलगी बघायला काय घालून जाऊ नये

माघात हैदराबादेहून सेलूकडं कुणी जाणार असंल तर आधी ह्ये वाचा. तिकडं पहाटं दात वाजतात अन् दुपारी टाळू तापते. कापडं पहाटंची घालावी का दुपारची, ह्यातच माझं लगीन मोडता मोडता ऱ्हायलं.

गिरणीत रजा मिळाली तोच दादाचा निरोप आला: वालूरची मुलगी बघायचीय, सरळ सेलूला उतर. खोलीतल्या करीमनं स्वतःची काळी शेरवानी दिली. म्हणाला, "मियाँ, गलेतक बटन लगाके बैठो. नवाब दिखते तुम."

आगगाडीत दारापाशी बसू नका, वारं लय लागतं. सेलूला उजाडताना उतरलो. स्टेशनाबाहेर चहा पेल्यात मागा, हात शेकतात. दादा बैलगाडी घेऊन उभा होता. त्यानं वैनीनं शिवलेली बंडी काढली. जुन्या चोळ्यांचे खण जोडलेले, आत कापूस ठासलेला. लाल, हिरवी, पिवळी.

"ही घालून मुलगी बघू?"

"शेरवानीच्या आत कोण डोकावतंय? घाल, काकडशील."

सदऱ्यावर स्वेटर, त्यावर बंडी, त्यावर शेरवानी. पायजम्याच्या आत धोतर. दादानं मला पोत्यावानी ढकलून गाडीत चढवलं. वाट काळ्या मातीची, चाकोऱ्या गुडघाभर, पण दोन्ही अंगांनी करडई फुललेली. थंडी कुठल्या कुठं. लय सुख वाटलं.

वालूर येईस्तवर ऊन चढलं. मुलीचे वडील गणपतमामा घरी न नेता थेट मळ्यात घेऊन गेले, हुरड्याला. पाव्हण्याचा मान म्हणून मला आगटीला चिकटून बसवलं. वरून ऊन, समोर जाळ, आत कापूस. हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी, सगळं झकास असणार. मला चव कळलीच न्हाई.

"पावनं, कोट काढा की," मामा म्हणाले.

"नको. हितं... गार हाय."

मामांनी आभाळाकडं बघितलं. मुलीची आत्या माझ्या नाकावरून टपकणाऱ्या घामाकडं बघत होती. ती दादाला म्हणाली, "अंगावर काय डाग-बिग लपवायलाय का ह्यो? काढल्याबिगर आमी बोलणी करणार न्हाई."

मामांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. दादाचं तोंड उतरलं. म्हणाला, "काढ बाबा."

शेरवानी काढली. बंडी दिसली अन् आत्या उठून जवळ आली.

"ह्ये खण कुणाचे?" आत्यानं इचारलं.

"वैनीच्या चोळ्यांचे."

मग बंडी. मग स्वेटर. आत्या ओरडली, "अगं बया! पोरगा हाय का कांदा?" गडीमाणसं लोळायला लागली. सदरा वर करून मी पाठ दाखवली. डाग कुठं न्हाई, घामोळं तेवढं उठलेलं.

इतका वेळ मान खाली घालून बसलेली मुलगी, गोदा, तांब्या घेऊन उठली. "आधी ताक तरी पिऊ द्या. मरंल त्यो."

मामा हसले. "आमची पोरगी पाव्हण्याम्होरं कधी बोलत न्हाई. आज बोलली. झालं, पसंत हाय." वैशाखातलं लगीन ठरलं. निघताना आत्या म्हणाली, "तवा उघडा आलास तरी चालंल."

हैदराबादेत परतलो. गावाकडचं पुष्कळसं गाडीतच इसरलो, तांब्या पुढं करणारा तेवढा हात ऱ्हायलाय. करीमनं शेरवानीला आलेला धुराचा वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या अन् इचारलं, "पसंद आई क्या उनको?"

म्हणलं, "शेरवानी नै मियाँ. मैं आया."